भिंतीआधीची भिंत

२६ जुलै २०१९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जेमतेम एका परिच्छेदाचा आदेश काढला. मेक्सिकोच्या सीमेवर भिंत बांधण्यासाठी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या सरकारने संरक्षण खात्याचे अडीच अब्ज डॉलर वळवले होते. कॅलिफोर्नियातील जिल्हा न्यायालयाने ते बेकायदा ठरवून काम थांबवले होते आणि अपील न्यायालयानेही ती मनाई उठवायला नकार दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्या मनाईला स्थगिती दिली. पैसा वळवणे कायदेशीर होते, असे त्या आदेशात कुठेही म्हटलेले नाही. म्हटले होते ते इतकेच, की या वादींना असा दावा करण्याचे वादकारणच नाही, हे सरकारने या टप्प्यावर पुरेसे दाखवून दिले आहे. काम पुन्हा सुरू झाले.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ते वेळ, पैसा आणि मनस्ताप यांच्या हिशेबाने. अमेरिकेच्या दक्षिण सीमेवरील भिंतीविरुद्ध गेल्या वीस वर्षांत जे खटले झाले, त्यांत प्रश्न निराळाच होता. पायरी चढायला निघालेल्याला ती चढण्याचा हक्क आहे काय? असल्यास कोणत्या न्यायालयाची, किती दिवसांच्या आत? आणि तो वर पोहोचेपर्यंत भांडणाचा विषय तरी शिल्लक राहील काय? भिंत कायद्यात बसते की नाही, या मूळ प्रश्नापर्यंत फार थोडे खटले पोहोचले; जे पोहोचले आणि जिंकले, त्यांचे निकालही टिकले नाहीत. पोलादी भिंत उभी राहण्याआधी तिच्यासमोर कायद्याची एक भिंत रचली गेली होती. ती कशी रचली गेली, हे समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

सातबारा कोणाचा?

अमेरिका-मेक्सिको सीमा सुमारे १,९५४ मैलांची, म्हणजे ३,१०० किलोमीटरहून अधिक लांब आहे. तिचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग टेक्सस राज्याला लागून आहे आणि तिथे रिओ ग्रांदे नदी हीच सीमा आहे. पश्चिमेकडे न्यू मेक्सिको, अ‍ॅरिझोना आणि कॅलिफोर्निया या राज्यांत सीमा वाळवंटातून आणि डोंगरांतून बहुतांशी सरळ रेषेत जाते. १९०७ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी या पश्चिम भागात सीमेलगतचा साठ फूट रुंदीचा पट्टा सरकारसाठी राखून ठेवला.

खटल्यांचा नकाशा या फरकावरून ठरतो. पश्चिमेला सरकार बहुतेक ठिकाणी स्वतःच्याच जमिनीवर बांधते. विरोधकाच्या हातात सातबारा नसतो. त्याला पर्यावरणाचे, पुरातन स्थळांचे, आदिवासींच्या दफनभूमींच्या रक्षणाचे कायदे पुढे करावे लागतात. टेक्ससमध्ये नदीकाठची जमीन बहुतांशी खाजगी आहे. तिथे शेतकरी, घरमालक, चर्च, पालिका यांच्याकडून ती आधी ताब्यात घ्यावी लागते, आणि लढाई भूसंपादनाची होते. या दोन आघाड्यांवर अडथळेही दोन प्रकारचे आहेत.

कायदे बाजूला सारणारा कायदा

पहिल्या आघाडीची गोष्ट सॅन दिएगोजवळच्या चौदा मैलांपासून सुरू होते. १९९६ साली अमेरिकी संसदेने, जिला तिथे काँग्रेस म्हणतात, तिथले कुंपण बळकट करायला सांगितले आणि काम लवकर व्हावे म्हणून दोन कायदे बाजूला ठेवण्याची मुभा दिली: एक पर्यावरणावरील परिणामांचा आधी अभ्यास करायला लावणारा, दुसरा संकटग्रस्त प्रजातींच्या रक्षणाचा. तरीही शेवटची काही मैल अडली. किनारपट्टीच्या रक्षणासाठी नेमलेल्या कॅलिफोर्नियाच्या राज्य आयोगाने तिसऱ्याच एका कायद्याच्या आधारे हरकत घेतली.

संसदेने त्यावर २००५ साली काढलेला तोडगा अमेरिकेच्या कायद्याच्या इतिहासात विरळा आहे. लष्करी खर्चाच्या आणि हिंदी महासागरातील त्सुनामीग्रस्तांच्या मदतीच्या पुरवणी विधेयकाला ‘रिअल आयडी’ नावाचा कायदा जोडला गेला. त्यातल्या एका कलमाने होमलँड सिक्युरिटी खात्याच्या मंत्र्याला अधिकार दिला, की सीमेवरील रस्ते आणि अडथळे लवकर बांधण्यासाठी त्याला आवश्यक वाटेल तो कोणताही कायदा त्याने बाजूला ठेवावा. आवश्यक काय, हे एकट्या मंत्र्याने ठरवायचे. सरकारी राजपत्रात सूचना छापली की झाले.

कलमाचा दुसरा भाग न्यायालयांसाठी होता. मंत्र्याच्या या निर्णयाविरुद्ध फक्त संघराज्याच्या जिल्हा न्यायालयात जाता येईल. मुद्दा फक्त एकच मांडता येईल: राज्यघटनेचा भंग झाला. मंत्र्याने अधिकार मनमानीने वापरला, पुरावा न पाहता ठरवले, हे म्हणता येणार नाही. दावा साठ दिवसांच्या आत दाखल झाला पाहिजे. आणि जिल्हा न्यायालयात हरलात तर नेहमीच्या अपील न्यायालयाचे दार बंद. थेट सर्वोच्च न्यायालयाकडे परवानगी मागायची, जी देणे न देणे सर्वस्वी त्या न्यायालयाच्या मर्जीवर.

सरकारची बाजू इथे नीट मांडली पाहिजे. चौदा मैलांचे कुंपण वर्षानुवर्षे रखडले, हे खरेच होते. शिवाय अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार खालच्या न्यायालयांची निर्मिती आणि त्यांची अधिकारकक्षा संसद ठरवते. संसदेने दार अरुंद केले तर न्यायाधीशाने ते रुंद करू नये, हा युक्तिवाद तिथल्या परंपरेत हलका मानला जात नाही.

सॅन पेद्रोचे दहा दिवस

या कलमाची ताकद २००७ च्या शरद ऋतूत दिसली. सॅन पेद्रो नदी मेक्सिकोत उगम पावून उत्तरेला अ‍ॅरिझोनात येते. तिच्या काठचे रान पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असून ते कायद्याने संरक्षित आहे. तिथे कुंपण घालण्याआधी पर्यावरणाचा पुरेसा अभ्यास झाला नाही, असा दावा दोन निसर्गरक्षक संस्थांनी केला. ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनच्या न्यायाधीश एलन ह्युव्हेल यांना तो प्रथमदर्शनी पटला आणि त्यांनी दहा दिवसांसाठी काम थांबवले. त्याच महिन्याच्या अखेरीस मंत्री मायकेल चेर्टॉफ यांनी ज्या कायद्याच्या आधारे मनाई मिळाली होती तो, आणि सोबत आणखी डझनाहून अधिक कायदे, त्या जागेपुरते बाजूला ठेवले. वादी जिंकत होते. ते ज्या जमिनीवर उभे राहून जिंकत होते तीच काढून घेतली गेली.

मग उरला घटनेचा मुद्दा. मंत्र्याने कायदे बाजूला सारणे म्हणजे संसदेचे कायदे एका अधिकाऱ्याने रद्द करणे, असे वादींचे म्हणणे होते. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्राध्यक्षांना अर्थविधेयकातल्या निवडक तरतुदी खोडण्याचा अधिकार नाकारला होता, त्याचा त्यांनी आधार घेतला. न्यायाधीश ह्युव्हेल यांनी डिसेंबरमध्ये हे मान्य केले नाही. कायदे रद्द झालेले नाहीत, ते एका ठिकाणापुरते लागू होत नाहीत इतकेच, असे त्यांचे उत्तर होते. संसदेने आपला अधिकार बेताल सोपवला, हा दुसरा मुद्दाही टिकला नाही. अधिकार सोपवताना एखादे समजण्याजोगे तत्त्व घालून दिले की अमेरिकेत तेवढे पुरते, आणि त्या कसोटीवर सर्वोच्च न्यायालयाने कायदा पाडला तो १९३५ साली.

एप्रिल २००८ मध्ये चेर्टॉफ यांनी शेकडो मैलांसाठी तिसाहून अधिक कायदे एका फटक्यात बाजूला ठेवले. स्वच्छ पाणी आणि स्वच्छ हवेचे कायदे त्यात होते, तसेच आदिवासींच्या थडग्यांचे आणि धर्मस्वातंत्र्याचे कायदेही. एल पासो परगण्याने आणि इतरांनी केलेला दावा त्याच वर्षी फेटाळला गेला. २०१८ साली सॅन दिएगोचे न्यायाधीश गोन्झालो क्युरिएल यांच्यापुढे कॅलिफोर्निया राज्याचा आणि निसर्गरक्षक संस्थांचा खटला आला. हेच ते न्यायाधीश, ज्यांच्या मेक्सिकन वंशावरून २०१६ च्या प्रचारात ट्रम्प यांनी त्यांच्या निःपक्षपातावर शंका घेतली होती. त्यांनी निकाल सरकारच्या बाजूने दिला: भिंत शहाणपणाची आहे की नाही हे ठरवणे आपले काम नाही, कायदा मंत्र्याला अधिकार देतो. २००८, २००९, २०१८ आणि २०२० अशा चार वेळा या कलमाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दाराशी गेले. चारही वेळा ते ऐकण्यास परवानगी मिळाली नाही.

हे एकाच पक्षाचे हत्यार आहे, असेही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये बायडेन सरकारने टेक्ससच्या स्टार परगण्यातील बांधकामासाठी याच कलमाखाली २६ कायदे बाजूला ठेवले.

पैसा कोणाचा, प्रश्न कोणाचा?

२०१९ च्या खटल्यांना मात्र एक नवी फट सापडली होती. भिंतीसाठी ट्रम्प यांनी ५.७ अब्ज डॉलर मागितले. संसद देईना, म्हणून ३५ दिवस सरकारी कामकाजाचा मोठा भाग बंद राहिला. अखेर संसदेने १.३७५ अब्ज मंजूर केले. १५ फेब्रुवारीला ट्रम्प यांनी त्या विधेयकावर सही केली आणि त्याच दिवशी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. संरक्षण खात्याच्या अमली पदार्थविरोधी कामातून अडीच अब्ज आणि लष्करी बांधकामांतून ३.६ अब्ज डॉलरपर्यंत रक्कम वळवायचे ठरले. पर्यावरणाचे कायदे बाजूला ठेवता येतात. पण संसदेच्या मंजुरीशिवाय तिजोरीतून पैसा काढता येणार नाही, हे राज्यघटनेचेच वाक्य आहे. ते कोणता मंत्री बाजूला ठेवणार?

इथे दुसरा अडथळा उभा राहिला. अमेरिकेत दावा करणाऱ्याला आधी दाखवावे लागते की नुकसान त्याचे स्वतःचे, ठोस आणि प्रतिवादीच्या कृतीमुळेच झाले आहे. हा झाला दाद मागण्याचा हक्क. त्यापुढे दाखवावे लागते की ज्या कायद्याचा भंग झाला म्हणतो, तो कायदा त्याच्यासारख्यांच्या हितासाठी होता, किंवा निदान त्याला दावा करू देतो. हे वादकारण. सिएरा क्लब या संस्थेचे सदस्य त्या वाळवंटात भटकंती करतात, त्यांचे नुकसान खरे आहे, हे सहज मान्य झाले. पण पैसा एका शीर्षकाखालून दुसऱ्याखाली नेण्याचे नियम संसदेने गिर्यारोहकांसाठी केलेले नाहीत, असे सरकारचे म्हणणे होते. हिशेबाची तक्रार हिशेब मागणाऱ्याने करावी.

हिशेब मागणाऱ्यानेही दावा केला. संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने वॉशिंग्टनमध्ये खटला भरला, तेव्हा जून २०१९ मध्ये न्यायाधीश ट्रेव्हर मॅकफॅडन यांनी सांगितले, की सभागृहाला दाद मागण्याचा हक्क नाही. त्याच्या हातात राजकीय उपाय आहेत, ते वापरावेत. ते वापरले गेलेच होते. मार्चमध्ये दोन्ही सभागृहांनी आणीबाणी संपवण्याचा ठराव केला होता, राष्ट्राध्यक्षांनी तो नकाराधिकाराने फेटाळला होता आणि तो उलटवण्याइतके दोन तृतीयांश मत मिळाले नव्हते. १९७६ च्या मूळ आणीबाणी कायद्यात दोन्ही सभागृहांचा ठराव राष्ट्राध्यक्षांच्या सहीविना पुरेसा होता. १९८३ साली चढ्ढा खटल्यात, केनियात जन्मलेल्या भारतीय वंशाच्या एका विद्यार्थ्याच्या हद्दपारीवरून, सर्वोच्च न्यायालयाने असे सहीविना ठराव घटनाबाह्य ठरवले, आणि त्यानंतर कायद्यात सहीची अट आली. ज्याला आवरायचे त्याचीच सही लागावी, अशी ही व्यवस्था.

म्हणजे भटकंती करणाऱ्याला सांगितले, हा संसदेचा प्रश्न आहे. संसदेच्या सभागृहाला सांगितले, हा न्यायालयाचा प्रश्न नाही. अपील न्यायालयांनी २०२० मध्ये दोन्ही ठिकाणी वेगळे मत दिले. जूनमध्ये पश्चिमेच्या नवव्या अपील न्यायालयाने निधी वळवणे बेकायदा ठरवले आणि सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने सभागृहाचा हक्क मान्य केला. मूळ प्रश्नाला उत्तर मिळू लागले होते.

वरातीमागून घोडे

पण २६ जुलै २०१९ ची ती स्थगिती कायम होती, आणि स्थगिती मनाईवर होती, कामावर नव्हती. अ‍ॅरिझोनातील ऑर्गन पाइप कॅक्टस या राष्ट्रीय स्मारकक्षेत्रात फेब्रुवारी २०२० मध्ये मॉन्युमेंट हिल नावाच्या टेकडीवर सुरुंग लावले गेले. टोहोनो ओओडम या आदिवासी राष्ट्राच्या लेखी ती पूर्वजांच्या दफनाची जागा आहे. जुलै २०२० मध्ये वादींनी स्थगिती उठवण्याची विनंती केली. ती पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी नाकारली गेली. न्यायमूर्ती स्टीफन ब्रेयर यांनी विरोधी मतात भीती व्यक्त केली, की काम असे चालू राहू दिले तर स्थगितीच प्रत्यक्षात अंतिम निकाल ठरेल.

तसेच झाले. सर्वोच्च न्यायालयात सुनावणी फेब्रुवारी २०२१ साठी ठरली. २० जानेवारीला बायडेन यांनी पद स्वीकारताच बांधकाम थांबवले. सुनावणी रद्द झाली. वाद उरला नाही म्हणून वादींनी जिंकलेले निकालही २०२१ मध्ये रद्दबातल झाले, सभागृहाच्या बाजूचाही. तोवर सुमारे साडेचारशे मैलांची भिंत झाली होती, बहुतेक जुन्या, ठेंगण्या कुंपणाच्या जागी. २०२३ मध्ये तडजोड झाली. प्राण्यांना जाता यावे म्हणून भिंतीत मोठ्या वाटा ठेवणे, पुराच्या पाण्याची दारे उघडी राखणे, अशा अटी त्यात आल्या. त्या प्राण्यांसाठी मोलाच्या आहेत. पण संसदेने नाकारलेला पैसा राष्ट्राध्यक्षाला असा घेता येतो काय, याचे सर्वोच्च न्यायालयाचे उत्तर आजही नाही.

नदीकाठची जमीन

टेक्ससच्या जमीनमालकाला दाद मागण्याच्या हक्काची अडचण नाही. नुकसान त्याच्या अंगणातच आहे. त्याला आडवा येतो १९३१ चा एक भूसंपादन कायदा. सरकारने न्यायालयात संपादनाची घोषणा दाखल करून अंदाजे मोबदला जमा केला, की त्याच क्षणी मालकी सरकारकडे जाते. पुढे भांडण उरते ते मुख्यतः किमतीचे. घटनेची अट सार्वजनिक उपयोग आणि रास्त मोबदला इतकीच आहे, आणि सीमेचे रक्षण हा सार्वजनिक उपयोग नाही असे कोणते न्यायालय म्हणेल? भिंत नदीच्या पुरापासून दूर, आतल्या बाजूला बांधावी लागते. त्यामुळे काही मालकांची उरलेली जमीन भिंत आणि नदी यांच्या मध्ये अडकते. तिचा तोटा मोबदल्यात मोजून मागता येतो. भिंतीची जागा हलवून मागता येत नाही.

स्थानिकांशी सल्लामसलत करावी, अशी तरतूद संसदेने २००७ च्या अखेरीस केली खरी. पण तिच्यामुळे कोणाला दाव्याचा नवा हक्क मिळत नाही, असेही त्याच कलमात लिहून ठेवले.

तरीही टेक्ससमधील काही जागा वाचल्या. मिशन गावाजवळचे ला लोमिता हे जुने चॅपल आणि शेजारचे राष्ट्रीय फुलपाखरू केंद्र यांच्या जमिनीवर भिंतीचा पैसा वापरू नये, असे फेब्रुवारी २०१९ च्या अर्थविधेयकात लिहिले गेले. फुलपाखरू केंद्राने न्यायालयातही धाव घेतली होती. संरक्षण मिळाले ते संसदेच्या एका वाक्याने.

दार कोणासाठी उघडते?

दाद मागण्याच्या हक्काची कसोटी सगळ्यांना सारखीच लागते काय? दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. फोर्ट ब्लिस छावणीतील बांधकामाचा पैसा भिंतीकडे वळल्याने आपल्या अर्थव्यवस्थेचे नुकसान होते, असे एल पासो परगणा म्हणाला. जिल्हा न्यायाधीशांना ते पटले. पाचव्या अपील न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये, कराचे उत्पन्न घटणे हे पुरेसे नुकसान नाही म्हणून, परगण्याला परत पाठवले. पुढे बायडेन यांनी भिंतीचे काम थांबवल्यावर टेक्सस राज्य म्हणाले, भिंत नाही म्हणून स्थलांतरित वाढतात आणि आमचा खर्च वाढतो. त्याच अपील न्यायालयाने २०२३ मध्ये टेक्ससचा हक्क मान्य केला, आणि मार्च २०२४ मध्ये भिंतीचा पैसा भिंतीवरच खर्च करा, असा हुकूम जिल्हा न्यायालयाने दिला. न्यायाधीश वेगळे होते, तथ्ये वेगळी होती, राज्याला परगण्यापेक्षा जास्त मुभा असते, हे सारे खरे. तरीही खर्चाची साखळी कुठवर ताणायची, हे ठरवण्यात न्यायाधीशाला किती मोकळीक आहे, ते इथे दिसते.

भारतीय वाचकाला यातले बरेच परके वाटेल. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ च्या एस. पी. गुप्ता निकालात दाद मागण्याच्या हक्काचा उंबरठा जनहितासाठी मुद्दाम खाली आणला. १९९७ च्या चंद्रकुमार निकालात उच्च न्यायालयांचा पुनर्विलोकनाचा अधिकार घटनेच्या मूलभूत चौकटीत धरला, म्हणजे संसदेलाही तो काढून घेता येत नाही. रिअल आयडीसारखे दार बंद करणारे कलम आपल्याकडे टिकणे अवघड. पण काळाची अडचण आपल्यालाही चुकलेली नाही. सरदार सरोवराविरुद्धची याचिका १९९४ सालची. १९९५ पासून काही वर्षे न्यायालयाने धरणाची उंची रोखून धरली, १९९९ मध्ये काही मीटर वाढू दिली आणि २००० मध्ये दोन विरुद्ध एक मताने काम पुढे नेण्यास परवानगी दिली. प्रकल्पालाच आव्हान द्यायला याचिकाकर्ते उशिरा आले, असे बहुमताच्या निकालात म्हटले आहे. नंदुरबारच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या बुडितातील गावांना त्या वाक्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. काँक्रीट उभे राहिले की कायद्याचा प्रश्न शिळा होत जातो, मग दार कितीही रुंद असो.

जुलै २०२५ मध्ये अमेरिकी संसदेने भिंतीसाठी सुमारे ४६.५ अब्ज डॉलर मंजूर केले. २०१९ ची फट त्यामुळे बुजली. पैसा आता संसदेनेच दिला आहे. कायदे बाजूला ठेवण्याच्या सूचना राजपत्रात पुन्हा छापून येत आहेत. नव्याने कोर्टात जाणाऱ्याच्या हातात उरले आहे ते घटनाभंगाचे एक कारण आणि साठ दिवस. हे दार न्यायाधीशांनी बंद केलेले नाही. २००५ साली, युद्धाच्या आणि त्सुनामीच्या खर्चाच्या घाईत, निवडून आलेल्या प्रतिनिधींनी ते केले, आणि त्यानंतर दोन्ही पक्षांची सरकारे येऊन गेली तरी ते कलम कोणी बदललेले नाही. ला लोमिताच्या चॅपलला जे एक वाक्य मिळाले, ते मिळवण्याची जागाही तीच आहे.